वीस हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर रुपयांची न आलेली पैठणी

मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. अठरा वर्षं झाली. माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर एक फलक आहे, ‘ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका’. तो छापून आणायला मीच गेले होते आणि त्यातला ऱ्हस्व ‘पि’ दीर्घ छापला होता म्हणून प्रेसवाल्याशी भांडलेही होते. हे आधीच सांगून टाकते. ‘पैशाच्या कामात असून अशा कशा फसल्या ह्या?’ असं वाचताना वाटलं तर वाटू द्या. मलाही सहा महिने तेच वाटत होतं.

आईचा जन्म दसऱ्याचा. २०२४च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. भावाने सोन्याचं काहीतरी करायचं ठरवलं होतं, मी पैठणी म्हणाले. तिची लग्नातली पैठणी केव्हाच विरली. तिचे काठ काढून वहिनीने पोरींची परकर-पोलकी शिवली, त्यालाही आता पंधरा वर्षं होतील. आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. येवला एसटीने तासाभरावर. म्हणजे पैठणी जिथे विणतात त्या गावाला जायला मला अर्धा दिवस पुरला असता, आणि मी ती मोबाइलवर मागवली. आमच्याकडे सप्टेंबरअखेर सहामाहीचे हिशेब असतात, रजा मिळत नाही. कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. खरं कारण त्या व्हिडिओत होतं.

रविवार, २९ सप्टेंबर, रात्री साडेदहा. इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. पांढरी टोपी घातलेले एक आजोबा मागावर बसलेले, वर मजकूर: ‘चार पिढ्यांचा हातमाग बंद होतोय. शेवटच्या ४० पैठण्या. आमच्या घामाला न्याय द्या.’ खाली २४,९९९ वर काट मारून ६,४९९. जांभळा रंग, मोरांचा पदर. हातमागाची अस्सल रेशमी पैठणी या भावात येत नाही हे आमच्या भागातल्या बाईला सांगावं लागत नाही. एक साडी विणायला काही आठवडे, पदर भरगच्च असेल तर काही महिने जातात. मला ते माहीत होतंच. पण त्या आजोबांमुळे मला ती स्वस्त वाटली नाही, त्यांची अडचण वाटली. आपल्यालाही चांगली वस्तू मिळतेय आणि म्हाताऱ्या माणसाला मदतही होतेय, असं दुहेरी पुण्य. लोभाला कोणी भुललं तर आपण हसतो. इथे लोभाला दयेचं अस्तर लावलं होतं.

वेबसाइटवर एक घड्याळ उलटं चालत होतं. ‘ऑफर संपायला १४ मिनिटं.’ (नंतर मुलीने पान पुन्हा उघडून दाखवलं, दर वेळी चौदा मिनिटांपासूनच सुरू.) पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती. ‘वीणकराला आगाऊ रक्कम द्यावी लागते म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी नाही’, असं लिहिलेलं. मला ते पटलं. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं बँकेतलं नाव येतं. तिथे ना आजोबांचं नाव होतं ना दुकानाचं. कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’चं होतं, आणि त्यात ‘मोबाइल’ हा शब्द होता. मी ते नाव वाचलं. वाचलं हे मला पक्कं आठवतं. आणि पिन टाकला. काउंटरवर चेकवरची सही एक टोक इकडचं तिकडे झालं तरी मी परत करते.

६,४९९ गेले. ‘ऑर्डर कन्फर्म’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आला, हात जोडलेल्या चिन्हासह.

गुरुवार, ३ ऑक्टोबर, घटस्थापना. सकाळी अकराच्या सुमाराला फोन. कुरियर कंपनीतून बोलतोय म्हणाला, हिंदीत, अगदी अदबीने. पार्सल नाशिकला आलंय, रेशमी माल असल्यामुळे विमा भरावा लागेल, २,३४० रुपये, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. काउंटरवर रांग होती. मी एका हाताने पावती फाडत दुसऱ्या हाताने पैसे पाठवले.

जेवणाच्या सुट्टीत, सव्वा वाजता, पुन्हा तोच. विमा जमा झाला मॅडम, पण तुमच्याकडून चुकीच्या खात्यात गेला, लगेच रिफंड करून देतो. मी एक यूपीआय आयडी पाठवतो, तो आमच्या रिफंड विभागाचा आहे. तो उघडा. रकमेच्या रकान्यात रक्कम टाकू नका, मी रिफंड कोड सांगतो तो टाका. एक एक सात तीन नऊ.

हे वाचताना हसू येतं. मलाही येतं, आता. पण तो माणूस थांबत नव्हता. ‘कोड टाकला? पुढचं बटन दाबा. फोन ठेवू नका, नाहीतर रिक्वेस्ट कॅन्सल होईल.’ डबा उघडा होता, भेंडीची भाजी, उपवास असल्यामुळे माझ्यासाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी. मी एक, एक, सात, तीन, नऊ टाकलं आणि पिन टाकला. शेवटचा आकडा दाबताना त्या रकमेखाली बारीक अक्षरांत ती अक्षरी लिहून आली होती ती दिसली: अकरा हजार सातशे एकोणचाळीस. मी दिवसाला शंभर वेळा अक्षरी रक्कम वाचणारी बाई. बोट उचलेपर्यंत हिरवी बरोबरची खूण आली होती.

पैसे घ्यायचे असतील तर पिन लागतच नाही. पिन लागतो तो पैसे देताना. हे मी खातेदारांना सांगत आले आहे.

परत फोन लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद. संध्याकाळी पाहिलं तर इन्स्टाग्रामचं पान दिसेना, मला ब्लॉक केलं होतं. एकूण वीस हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर.

आणि इथे मी सगळ्यात महाग चूक केली, जी ना त्या आजोबांच्या व्हिडिओने करवली ना त्या फोनवाल्याने. मी गप्प बसले. गुरुवार रात्र, शुक्रवार पूर्ण, शुक्रवार रात्र. यांना सांगितलं नाही, ऑफिसात तर शक्यच नव्हतं. घटाला माळ बांधताना हात थरथरत होते. आईने विचारलं, “तुला बरं नाही का गं?” मी म्हटलं, उपवासाने पित्त झालंय. मनात एकच, की उद्या मॅनेजरसाहेबांना कळलं तर ते मला कॅशवर बसवतील का? वीस हजारांपेक्षा ती खुर्ची जड वाटत होती.

शनिवारी, ५ तारखेला सकाळी मुलगी पुण्याहून आली. दहा मिनिटांत तिने विचारलं, “काय झालंय?” आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून रडले. तिने काहीही न बोलता १९३० लावला. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा दहा चाळीसला लागला. पलीकडच्या बाईंनी कसं फसलात हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: तुमची बँक, खाते क्रमांक, किती रक्कम, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या आयडीवर, आणि यूटीआर नंबर. हा यूटीआर म्हणजे यूपीआयच्या व्यवहारात तपशील उघडल्यावर दिसणारा बारा आकडी क्रमांक. तिन्ही व्यवहारांचे तिन्ही नंबर आधी कागदावर उतरवून घ्या, मग फोन लावा. मी फोन चालू असताना अॅपमध्ये शोधत बसले आणि दोनदा फोन कट होता होता राहिला.

फोन संपल्यावर एसएमएसवर तक्रारीचा क्रमांक आला. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर चोवीस तासांच्या आत पूर्ण तक्रार भरायची असते, ती आम्ही दुपारी भरली. ओळखपत्र, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट. शेवटचा माझ्याकडे नव्हता. पान ब्लॉक झालेलं. मुलीने तिच्या फोनवरून शोधलं तर ते तिला दिसत होतं, तिने लगेच टिपून घेतलं. आपल्याला ब्लॉक केलं म्हणजे पान नाहीसं झालं असं नसतं, हे लक्षात ठेवा. आणि चॅट चिडून डिलीट करू नका. मी गुरुवारी रात्री करणारच होते, बोट त्या बटनावर होतं.

मग मुलीने लॅपटॉपवर ती वेबसाइट उघडली आणि मला शेजारी बसवलं. हा अर्धा तास मला आयुष्यभर पुरेल. डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, नोंदणी बघितली, वेबसाइट जेमतेम तीन आठवड्यांची होती. ‘चार पिढ्या’ तीन आठवड्यांच्या. ‘आमच्याविषयी’ पानावर पत्ता नाही, फोन नाही, जीमेलचा एक आयडी. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. परताव्याच्या धोरणात मध्येच बुटांच्या साइझचा उल्लेख होता, दुसऱ्या कुणाची तरी पानं उचलून चिकटवलेली. साडीचा फोटो गूगल लेन्सवर टाकला तर तोच फोटो एका खऱ्या दुकानाच्या पानावर निघाला, तिथे किंमत तिपटीहून जास्त. जीएसटी नंबर दिला असता तर जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकून बघता आला असता कोणाच्या नावावर आहे ते. दिलाच नव्हता.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिच्यापासून लपवायचं असं ठरलं होतं, पण लॅपटॉपवर व्हिडिओ चालू होता. चष्मा वर करून तिने तो पाहिला. म्हणाली, “हा माग हाताचा नाही.”

“आजोबा विणतायत की गं.”

“आवाज ऐक.”

खटखट, खटखट, एकसारखी. माझ्या आईचं माहेर येवल्याच्या बाजूचं, तिने लहानपणी घराघरांतून माग पाहिलेत. हातमागावर पदराचा मोर भरताना एकेका रंगाचा धागा हाताने गुंतवत जावं लागतं, तिथे असा ताल लागतच नाही, ती म्हणाली. व्हिडिओतले आजोबा नुसते बसले होते, मागे यंत्रमाग चालला होता. मग तिने पदराचा फोटो मोठा करायला लावला. “ह्याची उलटी बाजू दाखवलीय का कुठे?” नव्हती. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, यंत्रमागाच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. आईला पैठणीची किंमत माझ्यापेक्षा कमी माहीत आहे, पण पैठणी माहीत आहे. मी तिला एका शब्दाने विचारलं असतं तर वाचले असते, पण मग भेटीची मजा गेली असती ना!

अर्थात तिला सगळं कळलंच. ती फक्त एवढंच म्हणाली, “दोन दिवस पित्त पित्त करून माझा आलेपाक खाल्लास की गं.”

सोमवारी, ७ ऑक्टोबरला, माझ्या बँकेत गेले. नाव सांगत नाही, सगळीकडे हेच होईल. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ‘पोच घेतली’ हे दोन शब्द पुढे पाच महिने माझ्या कामी आले. अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, “मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय.” तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक लागू होतं, आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नव्हता. मी ते छापून घेऊन गेले होते. पण ते ‘अनधिकृत’ व्यवहारासाठी होतं. मी फसून का होईना, स्वतः पिन टाकला होता. नोव्हेंबरमध्ये बँकेचं लेखी उत्तर आलं, नकार. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मी गेले नाही. माझ्या बाबतीत बँकेची चूक मला दाखवता आली नसती. कार्डाने पैसे भरले असते तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता, ते यूपीआयने भरलेल्या माझ्या पैशाला लागू नव्हतं. म्हणून आता अनोळखी ठिकाणी घ्यायचंच झालं तर पार्सल आल्यावर पैसे, आणि ते नसेल तर घेतच नाही.

८ तारखेला पोलीस ठाणे. जाताना पोटात गोळा. ठाणे अंमलदार तरुण होते, माझा अर्ज वाचून त्यांनी एक पुडकं पुढे सरकवलं. म्हणाले, “ताई, हे सगळे ह्या महिन्याचे. ह्यात एक प्राचार्य आहेत, एक डॉक्टर आहेत. तुम्ही बसा.” मला तेव्हा पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. त्यांनी अर्ज परत करून तो तारीखवार लिहून आणायला सांगितलं. तक्ता केला तर बरं: दिनांक, वेळ, रक्कम, यूटीआर, कोणत्या आयडीवर, कशासाठी सांगितलं. रडगाणं शेवटी एका परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी तसं नेलं, पाच मिनिटांत घेतलं. शिक्का मारलेली प्रत हातात.

तिथे त्यांनी दाखवलेल्या कागदावरून मला पैशाचा प्रवास समजला. माझे ६,४९९ पहिल्या दिवशीच तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. २,३४० सुद्धा. ही खाती भाड्याची असतात. कुणा गरजू पोराला दोन-पाच हजार देऊन त्याच्या नावाने उघडलेली, त्याचं सिमकार्ड आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात. पण ११,७३९पैकी ७,१५० रुपये दुसऱ्या टप्प्याच्या खात्यात सापडले आणि त्या बँकेने ते रोखून धरले. उरलेले कधी निघाले माहितीय? शुक्रवारी संध्याकाळी. मी घटापुढे पित्ताचं नाटक करत होते तेव्हा.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

दसरा झाला. आईला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. साडी म्हणून आम्ही गावातल्या दुकानातून इरकल घेतली. ती तिने आनंदाने नेसली. पुरणपोळी बिघडली, पण त्याला सायबर गुन्हेगार जबाबदार नाहीत.

मग शांतता. पोर्टलवर तक्रारीची स्थिती बघता येते, मी रोज बघत असे, रोज ‘अंडर प्रोसेस’. ऑक्टोबर, नोव्हेंबर. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. “सायबर सेलमधून बोलतोय. तुमची वीस हजार पाचशे अठ्ठ्याहत्तरची केस ना? रक्कम मंजूर झालीय. फाइल पुढे पाठवायला प्रोसेसिंग फी दीड हजार भरा.” त्याला रक्कम अचूक माहीत होती, यामुळे मी क्षणभर डगमगले. माझी माहिती कुठून गेली असेल हे मला आजही कळलेलं नाही, बहुतेक ज्यांनी फसवलं त्यांच्याकडेच ती होती. मी म्हटलं, “तुमचं नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर सांगा, मी ठाण्यात विचारून फोन करते.” फोन कट. एकदा फसलेल्या माणसांची यादी पुन्हा विकली जाते असं अंमलदार म्हणाले. तक्रारीसाठी, रक्कम सोडवण्यासाठी कोणतंही सरकारी ऑफिस फोनवर फी मागत नाही.

जानेवारीत कळलं की तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे रोखलेली रक्कम आपोआप आपल्या खात्यात येत नव्हती. तिच्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अर्ज करावा लागणार होता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. जुन्या कायद्यात ते ४५७ होतं, वकील मंडळी अजून ‘चारशे सत्तावन्नचा अर्ज’च म्हणतात. वकील करायलाच पाहिजे असं नाही, पण मला कोर्टाच्या पायऱ्यांचीच भीती. एका वकिलांनी तीन हजार सांगितले. सात हजार सोडवायला तीन हजार! शेवटी यांच्या मित्राच्या ओळखीने एका वकीलबाई भेटल्या, त्यांनी अर्ज तयार करून द्यायचे आठशे घेतले आणि म्हणाल्या, “उभ्या तुम्हीच राहा, साहेब विचारतील तेवढंच उत्तर द्या.”

अर्जाबरोबर लागलेले कागद: पोर्टलच्या तक्रारीची प्रत, पोलीस ठाण्याची शिक्क्याची पोच, तिन्ही व्यवहार अधोरेखित केलेलं स्टेटमेंट, आधार, पासबुकाचं पहिलं पान, आणि रक्कम कोणत्या बँकेत कोणत्या खात्यात रोखली आहे त्याचा तपशील. हा शेवटचा कागद नसेल तर अर्जाला अर्थ नाही, कोर्ट आदेश कोणाला देणार? तो पोलिसांकडून मागून घ्या. मी तीन फेऱ्या मारल्या त्यासाठी, दोनदा साहेब बंदोबस्ताला.

२१ जानेवारी २०२५ला अर्ज दाखल. कोर्टाने पोलिसांचा ‘से’ मागवला, म्हणजे त्यांचं म्हणणं. पुढची तारीख ११ फेब्रुवारी. त्या दिवशी से आला, ‘रक्कम अर्जदारास देण्यास हरकत नाही’. त्या एका ओळीसाठी सकाळी साडेदहापासून सव्वाचारपर्यंत बाकावर. शेजारी एक चहावाला बसला होता. त्याची गोष्ट माझ्याहून वाईट. कुणीतरी चोरीच्या पैशातून त्याच्या क्यूआरवर साठ रुपये दिले आणि त्याचं अख्खं खातं गोठलं. साठ रुपयांपायी पोराच्या शाळेची फी अडली. ही गोष्ट कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते.

४ मार्चला आदेश झाला. अट अशी, की पुढेमागे त्या रकमेवर दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला तर मी ती परत भरेन असं बंधपत्र द्यायचं. पूर्वी असे कागद शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचे, ऑक्टोबर २०२४पासून पाचशेचा लागतो. स्टॅम्प पाचशे, नोटरी दोनशे, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल आणि झेरॉक्स मिळून एकशे साठ, वकीलबाईंचे आठशे, एसटी आणि रिक्षा धरून दोन-अडीचशे. म्हणजे एकोणीसशेच्या आसपास गेले, आणि चार अर्ध्या रजा. ७,१५० सोडवायला. अडीच-तीन हजारच अडकले असते तर मी कदाचित केलं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगते. यांचं मत वेगळं, ते म्हणतात पाचशे असले तरी करायचं.

नक्कल घेऊन ठाण्यात दिली, त्यांनी ती त्या दूरच्या बँकेला मेल केली. बँकेला माझ्या खात्याचा रद्द केलेला चेक हवा होता, तो पाठवला. आयएफएससी वाचता येत नाही म्हणून परत मागितला, परत पाठवला. गुरुवार, २७ मार्चला दुपारी काउंटरवर असताना एसएमएस आला. जमा, ७,१५०. समोर कांद्याच्या पट्टीचा चेक घेऊन एक आजोबा उभे होते, पांढरी टोपी. मी त्यांच्याकडे बघून इतकी हसले की ते मागे वळून बघायला लागले.

एप्रिलमध्ये ऑफिसात सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की गेल्या वर्षी त्यांचेही वीजबिलाच्या मेसेजवर नऊ हजार गेले होते. त्यांच्या घरी अजून माहीत नाही. मी अजून कॅशवरच आहे. आता कुणी खातेदार मोठी रक्कम काढायला घाईघाईने आला आणि एका कानाला फोन लावलेला असला की मी म्हणते, “काका, प्रिंटर अडकलाय, पाच मिनिटं बसा.” प्रिंटर अडकलेला नसतो. दोनदा उपयोग झाला. एकदा एका काकांनी माझी तक्रार केली, ती साहेबांनी ठेवून घेतली.

आणि पैठणी. मे महिन्यात आईला घेऊन येवल्याला गेलो, आठवडाभर आधी ठरवून, रजा टाकून. आईने चार दुकानं फिरवली. दर दुकानात पदर हातात घेतला की आधी उलटा करायची, मग त्यावर अंगठा फिरवायची, मग अस्सल रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल बघायची, आणि किंमत सगळ्यांत शेवटी, तीही मला विचारायला लावायची. शेवटी एक लहान बुट्ट्यांची, नारळी काठाची, साध्या पदराची घेतली. रंग जांभळा नाही, आंब्याचा. पंधरा हजार आठशे. भावाने निम्मे दिले.

पैसे देताना क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं, ते मी मोठ्याने वाचलं. गादीवरच्या माणसाने मान वर केली. “माझंच आहे ताई,” तो म्हणाला, “पाटीवर वडिलांचं आहे.” मी बाहेर जाऊन पाटी वाचून आले. मग रक्कम टाकली, खालची अक्षरी रक्कम वाचली आणि पिन टाकला. आई पिशवी छातीशी धरून उभी होती. म्हणाली, “झालं का तुझं वाचून? बस जाईल.”

उरलेल्या तेरा हजार चारशे अठ्ठावीस रुपयांचं पोर्टलवर अजूनही ‘अंडर प्रोसेस’ आहे. महिन्यातून एकदा बघते.